वन्संनी पाळलेला आजार

आमच्या वन्सं चिडल्या की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा माहेरच्या झाडून सगळ्यांनी मला सासूची भीती घातली होती. सासू बिचारी गरीब गाय निघाली. घाबरायचं ते नणंदेला, हे मला फार उशिरा कळलं. एकदा न विचारता मी वन्संची छत्री घेऊन बाजारात गेले. त्यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मात्र पुढची कित्येक वर्षं, मी दारात उभी राहून छत्री शोधायला लागले की त्या आपली छत्री हातात घट्ट धरून जिन्यात यायच्या आणि मला भिजत जाताना शांतपणे बघायच्या. डूख धरावा तर आमच्या वन्संनी. लोक देवाचं नाव घेतात तितक्या नेमानं त्या राग धरत.

आम्ही खालच्या मजल्यावर आणि वन्सं नि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, वरच्या. वन्सं चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. डोळा तीक्ष्ण, हात स्थिर, आणि गळ्यात कायम एक लहानसं भिंग. भावोजी शहर बसचे ड्रायव्हर. चढावरच्या शेवटच्या थांब्याला बस बराच वेळ थांबायची. तिथे एक म्हातारी रोपं विकत बसे. तिच्याकडून भावोजींनी एकदा नखाएवढं एक रोप आणलं आणि दोघांना वेड लागलं.

ते एक ऑर्किड होतं. डोंगरावरच्या धुक्यात, झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर वाढणारं. वाढून वाढून किती, तर चहाच्या कपात मावेल इतकं. पानं खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी. फूल मात्र लालभडक आणि पानांहून मोठं, आणि एकदा उमललं की महिनोन् महिने टिकणारं. हे सगळं म्हातारीनं सांगितलेलं. आमच्या रोपाला फूल यायला बराच अवकाश होता. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, ‘‘इवलंसं बांडगूळ आणलंत की हो!’’

‘‘बांडगूळ म्हणायचं नाही,’’ वन्सं हळूच म्हणाल्या. ‘‘बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं. हे कुणाचं काही घेत नाही. नुसती बसायला जागा मागतं.’’

त्या जागेचे लाड काय सांगू. भावोजींच्या जुन्या टेबलाच्या खणाचं एक फळकूट कापून घेतलं, ज्याला खणाच्या मुठीच्या स्क्रूचं भोक होतं. त्यावर शेवाळ बांधून रोप बसवलं. नळाचं पाणी चालायचं नाही, म्हणून पावसाचं साठवलेलं. ऊन नको, पण उजेड हवा. वारा हवा, पण कोरडा नको. उन्हाळ्यात घरातली माणसं घामानं निथळायची आणि वरच्या गॅलरीत पंख्यापुढे बर्फाच्या बाटल्या मांडून त्या रोपाला गार वारा घातला जायचा. आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, ‘‘ताई, पुढच्या जन्मी तुझं ऑर्किड होईन म्हणतो.’’ एक मात्र होतं. या जातीला हात लावलेला खपत नाही. उचलून दुसरीकडे बसवलं तर रुसतं, आणि कापून दोन केलं तर बहुतेक वेळा मरतं.

हळूहळू गॅलरीत आणखी ऑर्किडं आली आणि दोघं शहरातल्या ऑर्किड मंडळात जायला लागले. तिथेच त्यांना तो भेटला. शेजारच्या गल्लीतला बेकरीवाला. लोकांच्या घरी झाडं बघायला जायचं आणि यजमानांची पाठ वळली की फांदी, कोंब, कंद, जे हाताला लागेल ते खुडून खिशात घालायचं, ही त्याची सवय सगळ्या मंडळाला ठाऊक होती. मागे सगळे त्याला खुडकर म्हणत आणि पुढे हसून दार उघडत, कारण पाव चांगला करायचा आणि आजारी झाड हातात दिलं तर बरं करायचा. त्याच्या हाताला गुण होता. मला त्याचं काहीही चांगलं बोलायची हौस नाही, पण हे होतं ते होतं.

भावोजी हॉस्पिटलात पडले तेव्हा त्या रोपाला पहिल्यांदा कळ्या आल्या होत्या. वन्सं दिवसभर भावोजींच्या उशाशी. झाडांना पाणी कोण घालणार? मी घालू का म्हटलं, तर वन्संनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी पुन्हा विचारलं नाही. खुडकर स्वतःहून पुढे झाला. ‘‘वहिनी, तुम्ही निश्चिंत राहा. किल्ली द्या. माझ्या दोस्ताची झाडं ती माझी झाडं.’’ आता वाटतं, तो खोटं बोलला नव्हता.

भावोजी रोज एकच विचारत, ‘‘उमललं का?’’ वन्सं रोज सांगत, ‘‘कळी फुगलीय. आता होईलच.’’ मग एक दिवस खुडकर हॉस्पिटलात आला आणि तोंड पाडून म्हणाला, की मूळ कुजायला लागलं होतं, निम्मं काढून टाकावं लागलं, कळ्याही त्यातच गेल्या. वन्संनी भावोजींना हे सांगितलं नाही. ‘‘कळी फुगलीय’’ असंच सांगत राहिल्या, आणि भावोजी ते ऐकत ऐकतच गेले.

घरी उरलेलं निम्मं रोप पुढे काही दिवसांत काळं पडून मेलं. वन्संनी ते फळकुटासकट कचऱ्यात टाकलं. त्यानंतर मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आलं. वन्संना मीच ओढून नेलं, माणसांत येतील म्हणून. दालनाच्या मधल्या टेबलावर, पहिल्या बक्षिसाची फीत लावून, ते फूल होतं. लाल म्हणजे किती लाल! आणि खाली, शेवाळाच्या कडेनं डोकावणारं, मुठीच्या स्क्रूचं भोक असलेलं अर्धं फळकूट. पाटीवर खुडकरचं नाव.

वन्संनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि ते भोक बराच वेळ बघितलं. माझ्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. मी भर दालनात सुरू केलं. खुडकर गोरामोरा झाला, पण म्हणाला, ‘‘अहो, अशी फळकुटं घरोघरी असतात.’’ मंडळाचे अध्यक्ष मध्ये पडले. पुरावा काय, म्हणाले. झाडावर का कुणाचं नाव लिहिलेलं असतं? जुळवून दाखवायला दुसरा तुकडा तर केव्हाच कचऱ्यात गेलेला. मी आणखी बोलणार, तेवढ्यात वन्संनी माझा दंड धरला.

‘‘झाड फार सुंदर झालंय,’’ त्या खुडकरला म्हणाल्या. ‘‘जपा.’’

घरी येताना रस्त्यात मी रडत होते. वन्सं रडत नव्हत्या. जिन्यात थांबून त्या मला म्हणाल्या, ‘‘मला दोनच गोष्टी हव्यात. त्याच्या गच्चीवर एकही झाड राहता कामा नये. आणि यांचं झाड माझ्या घरी परत यायला हवं.’’ माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, तो भीतीचा नव्हता, आनंदाचा होता.

वर्षं गेली. खुडकर ते झाड दर प्रदर्शनात मांडायचा. ते वाढून चांगलं बशीभर झालं होतं. उजळ माथ्यानं मिरवायचा मेला. वन्सं दरवेळी जाऊन ते बघून यायच्या आणि ‘‘ठीक आहे’’ एवढंच सांगायच्या.

मग एक दिवस त्या परगावच्या एका बाईकडून एक कुंडी घेऊन आल्या. आणखी एक ऑर्किड, पण हे इतरांत न ठेवता मागच्या बाथरूमच्या खिडकीत ठेवलं. त्याचा पाण्याचा डबा वेगळा, कात्री वेगळी, आणि त्याला हात लावला की कोपरापर्यंत साबणानं धुवायचं. मी विचारलं, ‘‘हे कोण एवढं सोवळ्यातलं?’’

‘‘पाहुणा आहे,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘आजारी आहे. ती बाई जाळायला निघाली होती, मी मागून घेतलं.’’

तो आजार त्यांनी मला समजावून सांगितला. झाडाच्या रसातून पसरतो. आजारी झाड कापलं आणि तेच पातं दुसऱ्या झाडाला लावलं की त्यालाही लागतो. औषध नाही. झाड लगेच मरत नाही, खंगत जातं, आणि शेवटी जाळावंच लागतं, नाहीतर बाकीच्यांचा जीव जातो. म्हणून जाणते लोक प्रत्येक झाडानंतर पातं गॅसवर लाल होईस्तोवर धरतात. वन्सं धरायच्या. खुडकर धरत नसे. त्याच्याकडे पावाच्या गोळ्यावर चीर देण्याचा एक लहान चाकू होता, त्यावर त्याचा भारी जीव. जाळल्यानं धार जाते म्हणायचा. मांडीवर पुसायचा की झालं. सगळं मंडळ त्याला त्यावरून बोललेलं, पण ऐकेल तर शपथ.

‘‘पण तो काय आजारी झाड चोरेल?’’ मी म्हटलं.

‘‘फूल येऊ दे. मग बघ.’’

फूल आलं आणि मला कळलं. जांभळ्या पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा, कुणी बारीक कुंचल्यानं ओढाव्यात तशा. तोच तो आजार, पण दिसायला असा देखणा, की माझ्यासारखीला वाटावं ही काहीतरी दुर्मीळ जात आहे. हावऱ्या माणसालाही तसंच वाटतं. जाणत्याला शंका यायला हवी, पण हाव सुटली की जाणतेपण कुठे जातं कोण जाणे.

माझ्या मनात एक शंका होतीच. ‘‘वन्सं, तोच चाकू आपल्या झाडालाही लागला तर?’’

‘‘नाही लागणार,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी याचा विचार करून ठेवला होता. ‘‘ते झाड कापलेलं सोसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यानं एकदा कापलं आणि घरचा तुकडा मेला. इतक्या वर्षांत त्यानं त्याला पातं लावलेलं नाही, मी दरवर्षी भिंगानं बघून येते. बाकीची सगळी तो वरचेवर कापतो, वाटतो, विकतो. ती जातील. हे एकटं राहील. मग मी मागायला जाईन, आणि आजारी गच्चीवर ते मरू द्यायचं नसेल तर त्याला द्यावं लागेल.’’

मंडळात एक प्रथा होती. सभासद आळीपाळीनं एकमेकांच्या घरी झाडं बघायला जमायचे. भावोजी गेल्यापासून वन्संनी कुणाला बोलावलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी आपणहून बोलावलं, आणि खुडकरला स्वतः बेकरीत जाऊन आमंत्रण दिलं. सगळं मंडळ म्हणालं, बाई मोठ्या मनाची. मी तोंडाला पदर लावून हसले.

लोक आले. खुडकर येताना गोड पावांची पिशवी घेऊन आला आणि दारातच चुळबुळत उभा राहिला. वन्संनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, तब्येत विचारली. मग सगळ्यांना झाडं दाखवली. रेघांचं फूल त्यांनी त्या दिवसापुरतं गॅलरीच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब, एकट्यानं मांडलं होतं. ‘‘हे कुणाला द्यायचं नाही हं,’’ त्या म्हणाल्या, आणि चहा आणते म्हणून आत आल्या. लोक त्यांच्या मागोमाग बैठकीत आले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याआड उभी होतेच. खुडकर मागे रेंगाळला. इकडेतिकडे बघितलं. खिशातून चाकू काढला, बुडाशी दोन कंद सफाईनं कापले, रुमालात गुंडाळले आणि चाकू मांडीवर पुसून खिशात घातला.

मी वळून मान हलवली. वन्संनी हातातली किटली खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. आम्ही दोघी बाया, वयानं वाढलेल्या, शाळकरी पोरींसारख्या ओठ दाबून हसत होतो. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

जाताना खुडकर दारात थांबला. ‘‘वहिनी, तुम्ही मला बोलावलंत...’’ एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. मला तेव्हा आणखीच मजा वाटली.

मग आम्ही वाट बघत बसलो. आजार दिसायला वेळ लागतो. मी अधूनमधून पाव आणायच्या निमित्तानं बेकरीत डोकावून यायची. काही कळत नव्हतं.

अशाच एका सकाळी वन्सं दुकानात जायला निघाल्या होत्या आणि मी वर त्यांच्याकडे होते. दार वाजलं. खुडकर. दोन्ही हातांत ओल्या कागदाचं एक पुडकं, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

‘‘बसत नाही,’’ तो म्हणाला आणि बसला. मग जमिनीकडे बघत बोलायला लागला. ‘‘त्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावलंत, खुर्ची दिलीत, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ते झाड मी चोरलं होतं, वहिनी. तुम्ही दोघं हॉस्पिटलात, ते इथे नीट जगणार नाही, मी जगवीन, असं मनाशी म्हटलं. मनाला काय, काहीही सांगता येतं. आणि तुमच्या घरी आलो त्या दिवशीही माझा हात राहिला नाही. तुमचं रेघांचं फूल, त्याचाही तुकडा मी नेला. आता काहीच ठेवायचं नाही असं ठरवलंय. दोन्ही आणलीत.’’

त्यानं पुडकं उलगडलं. आत दोन्ही झाडं एकमेकांना लागून होती. रेघांच्या झाडाचा निम्मा तुकडा आणि शेवाळासकट उचललेलं ते आमचं झाड, निम्मं, त्यावर एक टपोरी कळी.

‘‘दोन्हींचं निम्मं माझ्याकडे ठेवलंय, आधीच सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘हे नाही लागलं तर ते द्यायला. कापायची भीती वाटत होती, पण फार जपून कापलंय.’’

‘‘कशानं कापलंत?’’ वन्संनी विचारलं.

तो जरा हसला आणि खिशातला चाकू काढून दाखवला. ‘‘याच्याशिवाय माझा हात चालतो का?’’

‘‘आधी कुठलं कापलंत?’’

‘‘रेघांचं. मग हे. लागोपाठच.’’

‘‘पातं जाळलंत?’’

‘‘तुमचं आपलं तेच,’’ खुडकर म्हणाला. ‘‘पुसलं की.’’

वन्संनी पुडकं आपल्याकडे ओढून घेतलं. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. ‘‘त्या रेघा म्हणजे आजार आहे. ते झाड मी तुमच्यासाठी आणलं, तुमच्यासाठी जगवलं आणि तुम्ही चोरावं म्हणून तिथे मांडलं.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘मुद्दाम.’’

इतक्या दिवसांत त्यानं त्या चाकूनं काय काय कापलं असेल, ते त्याच्या डोळ्यांपुढून जात होतं, आणि तोंडाचा रंग उतरत होता. मी डोळे भरून बघितलं. कितीतरी वर्षं मी या तोंडाची वाट बघितली होती, आणि ते अगदी मला हवं तसंच झालं होतं. वन्संही बघत असतील म्हणून मी वळले. त्या बघत नव्हत्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं होतं आणि झाडाच्या बुडाशी, जिथे कापलं होतं तिथे, त्या काहीतरी शोधत होत्या. त्या आजाराचं तिथे काही दिसत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

खुडकर उठून गेला. पुढे हळूहळू त्याच्या गच्चीवर रेघा दिसायला लागल्या. त्यानं झाडं बेकरीच्या भट्टीत घातली, एकूण एक, आमच्या झाडाचा त्याच्याकडचा निम्मा तुकडासुद्धा. त्या दिवशी गल्लीत पाव मिळाला नाही. मी ही बातमी घेऊन धावत वर गेले. वन्संना जे हवं होतं ते सगळं झालं होतं. त्याच्या गच्चीवर एकही झाड राहिलं नव्हतं आणि भावोजींचं झाड घरी आलं होतं.

ते बाथरूमच्या खिडकीत होतं. पाहुण्याला वन्संनी जाळलं होतं आणि त्याच्या जागी, त्याच्याच डब्यातल्या पाण्यावर, हे बसवलं होतं. दुसरीकडे कुठे ठेवणार? कळी चाकू लागायच्या आधीच धरलेली, त्यामुळे ती निर्दोष उमलली. लालभडक, एका डागाविना. वन्सं कामावरून आल्या की तिथे स्टुलावर बसायच्या. ‘‘उमललं हो,’’ असं एकदा म्हणालेलं मी ऐकलं. मला उद्देशून नव्हतं.

फूल महिनोन् महिने टिकलं. ते असतानाच शेजारून नवं पान फुटलं. एके दिवशी मी चहा घेऊन गेले तर वन्संनी भिंग बाजूला ठेवलेलं. पानावर फिकट रेघ आली होती, मला भिंगाशिवाय दिसली.

माझं डोकं फिरलं. ‘‘त्या मेल्या खुडकरला सोडायचंच नव्हतं,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्हाला नाही अजून चीड येत त्याची?’’

‘‘कशाची चीड?’’

‘‘कशाची म्हणजे? चोरलं कुणी?’’

‘‘चोरलं त्यानंच,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘इतकी वर्षं जगवलंही त्यानंच. परत आणून दिलं, तेही त्यानंच. मी काय केलं गं?’’

उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी चहा तिथेच ठेवून खाली आले.